जुना डेल्फाय प्रोग्रॅम 150 टक्क्यांच्या स्क्रीनवर नेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पतसंस्थांसाठी डेल्फाय 2010 मध्ये (विंडोजचे प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनाच्या एका जुन्या आवृत्तीत) लिहिलेला, सुमारे दोनशे फॉर्मचा, म्हणजे खिडक्यांचा, एक प्रोग्रॅम आहे. संस्थांनी अलीकडे नवे लॅपटॉप घेतले, त्यांवर विंडोजचे स्केलिंग पहिल्यापासूनच 150 टक्के ठेवलेले आहे आणि तिथे या प्रोग्रॅममधली सगळी अक्षरे पुसट दिसतात. कोणी तरी सुचवले म्हणून मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमबद्दलची माहिती विंडोजला देणाऱ्या फाइलमध्ये, डीपीआय अवेअरनेस (इंचामागे किती पिक्सेल आहेत याची प्रोग्रॅमला जाण असल्याची नोंद) चालू करून पाहिला. अक्षरे कोरीव झाली, पण टूलबारवरची चित्रे बारीक राहिली, ग्रिडच्या ओळींत मजकूर कापला जाऊ लागला आणि काही फॉर्मवर बटणे एकमेकांवर चढली. आता डेल्फायची नवी आवृत्ती विकत घ्यावी, की दुसऱ्या साधनात सगळे नव्याने लिहावे, असे विचारले आहे.

माझ्या मते हे दोन्ही निर्णय आत्ता घेण्याचे नाहीत. तुमच्या प्रोग्रॅममध्ये जे बिघडलेले दिसते आहे ते साधनामुळे थोडे आणि कोडमध्ये जागोजागी लिहिलेल्या पिक्सेलच्या आकड्यांमुळे फार बिघडले आहे, आणि ते आकडे नव्या साधनातही तुमच्याबरोबरच येतील.

आधी पुसटपणाचे कारण पाहू. विंडोजने सुरुवातीपासून एका इंचात 96 पिक्सेल असे धरलेले आहे. 24 इंची फुल एचडी मॉनिटरवर प्रत्यक्षात इंचाला साधारण 92 पिक्सेल भरतात, त्यामुळे इतकी वर्षे हे गृहीतक कोणाला खुपले नाही. तेच 1920 बाय 1080 पिक्सेल 15.6 इंचांत बसवले की इंचाला 141 होतात आणि 14 इंचांत बसवले की 157 होतात. अशा स्क्रीनवर 96 चाच हिशोब चालू ठेवला तर अक्षरे मुंगीएवढी दिसतील, म्हणून विंडोज 125 किंवा 150 टक्के स्केलिंग लावते. म्हणजे इंचाला 120 किंवा 144 पिक्सेल धरते. ज्या प्रोग्रॅमने याबद्दल काहीच सांगितलेले नाही त्याला विंडोज व्हिस्टापासून एक सवलत मिळत आली आहे. त्याला स्क्रीन 96 चीच आहे असे सांगितले जाते, तो आपली खिडकी त्याच मापात रंगवतो, आणि मग विंडोज ते तयार चित्र ताणून मोठे करते. ताणलेले चित्र पुसट दिसणारच. पण त्यात एकही बटण जागचे हलत नाही, हेही लक्षात घ्या.

मॅनिफेस्टमधली ती एक ओळ म्हणजे प्रोग्रॅमने विंडोजला लिहून दिलेले हमीपत्र आहे: माझी मापे मी स्वतः बदलून घेईन, तुम्ही माझे चित्र ताणू नका. विंडोज त्यावर विश्वास ठेवते, काहीही तपासत नाही. तुम्ही हमीपत्र आधी दिले आणि मापे बदलण्याचे काम मागे राहिले, म्हणून बटणे चढली. हा क्रम उलटा करायचा आहे, एवढाच माझ्या उत्तराचा गाभा आहे.

काम पुरे होईपर्यंत शाखांमधल्या लोकांनी पुसट अक्षरे वाचत बसावे असे मात्र नाही. विंडोज 10 च्या 1703 या आवृत्तीपासून जीडीआय स्केलिंग नावाची एक मधली सोय आहे (जीडीआय म्हणजे अक्षरे आणि रेषा काढण्याची विंडोजची जुनी यंत्रणा). प्रोग्रॅमला 96 चीच स्क्रीन दाखवली जाते, पण जीडीआयने काढलेली अक्षरे आणि रेषा विंडोज ताणण्याऐवजी मोठ्या मापात नव्याने काढते. डेल्फायचे बहुतेक साधे कंट्रोल (बटणे, लेबले वगैरे) जीडीआयनेच रंगवले जात असल्यामुळे तुमच्या प्रोग्रॅमला याचा चांगला उपयोग होईल. बिटमॅप चित्रे तेवढी पूर्वीसारखीच मऊ दिसतील. हे मॅनिफेस्टमध्ये लिहिता येते. नुसते पाहायचे असेल तर एक्झी फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीच्या पानावर हाय डीपीआय सेटिंग बदलण्याचे बटण आहे, तिथे ‘सिस्टिम एन्हान्स्ड’ निवडावे. माझ्या दोन ग्राहकांकडे ही ‘तात्पुरती’ सोय अजूनही चालू आहे आणि त्यांची काही तक्रार नाही. तुमच्याकडेही एवढ्यावर भागले, तर पुढचे काम निवांतपणे करता येईल.

आता मूळ काम. फॉर्म उघडताना डेल्फाय डीएफएममध्ये (फॉर्मची आखणी जपणाऱ्या फाइलमध्ये) नोंदलेला पिक्सेल्स-पर-इंचचा आकडा चालू स्क्रीनच्या आकड्याशी ताडून पाहते आणि दोन्ही वेगळे असतील तर फॉर्मवरच्या सगळ्या कंट्रोलची मापे त्या प्रमाणात बदलते. ‘स्केल्ड’ हा गुणधर्म मात्र ट्रू असला पाहिजे. दहा-बारा वर्षांपूर्वी फॉर्म वेडेवाकडे दिसू लागले की तो फॉल्स करून टाकण्याची सर्रास पद्धत होती. मीही केलेले आहे. तुमच्या दोनशे फॉर्मपैकी ज्यांवर बटणे चढली आहेत त्यांचे डीएफएम आधी उघडून पाहा. माझा अंदाज आहे की निम्म्या ठिकाणी हेच सापडेल.

उरलेल्या ठिकाणी दोष कोडमध्ये असतो. फॉर्म मोठा होऊन झाल्यावर ‘ऑनशो’मध्ये (फॉर्म दिसताना चालणाऱ्या कोडमध्ये) कोणी तरी ग्रिडच्या ओळीची उंची 18 लिहिलेली असते. फॉर्मवरचा फाँट मोठा झालेला, ओळ मात्र 18 पिक्सेलचीच. मग अक्षरे कापली जाणार. अशा जागा शोधायला कुठलेही साधन लागत नाही. विड्थ, हाइट, लेफ्ट, टॉप, सेटबाउंड्स, ग्रिडच्या ओळी-स्तंभांची मापे आणि कॅनव्हासवरचे टेक्स्टआउट, एवढे शब्द सगळ्या युनिटमध्ये शोधावेत आणि ज्या ज्या ठिकाणी समोर उघडा आकडा दिसेल तो एका फंक्शनमधून न्यावा. फंक्शन एका ओळीचे आहे: दिलेला आकडा गुणिले चालू पीपीआय (पिक्सेल्स-पर-इंच) भागिले 96, आणि त्यासाठी विंडोजचेच मलडिव्ह हे फंक्शन वापरावे.

मलडिव्हचा आग्रह का, तर पूर्णांकांचा साधा भागाकार अपूर्णांक कापून टाकतो आणि मलडिव्ह जवळच्या पूर्णांकावर नेते. 17 पिक्सेलचे माप 125 टक्क्यांवर नेले तर 21.25 येते, दोन्ही पद्धतींत 21 धरले जाते. तेच 21 पुन्हा 100 टक्क्यांवर आणले तर 16.8 येते, मलडिव्ह 17 देते, साधा भागाकार 16 देतो. म्हणजे एकदा जाऊन आल्यावर एक पिक्सेल गळाला. म्हणूनच दुसरा नियम असा की मूळ 96 चे माप कुठे तरी जपून ठेवावे आणि दर वेळी त्याच्यावरूनच हिशोब करावा, आधी बदललेल्या मापावरून नाही.

कोडमधून तयार होणाऱ्या कंट्रोलची गोष्ट थोडी वेगळी आहे. जुन्या आवृत्तीत ते फॉर्म उघडून झाल्यावर जन्माला येतात, म्हणून त्यांना आपोआप काहीच लागू होत नाही. नव्या आवृत्त्यांत पेरेंट (कंट्रोल ज्याच्या आत बसतो तो फॉर्म किंवा पॅनेल) ठरवल्याक्षणी कंट्रोल पेरेंटच्या पीपीआयनुसार बदलतो. त्यामुळे आधी मापे देऊन मग पेरेंट ठरवला तर मापे वाढतात आणि आधी पेरेंट ठरवून मग मापे दिली तर वाढत नाहीत. एकाच प्रोग्रॅममध्ये दोन्ही क्रम लिहिलेले असतील, आणि असतातच, तर आवृत्ती बदलल्यावर काही कंट्रोल दोनदा फुगलेले दिसतील. कुठला तरी एक क्रम ठरवून घ्या.

याच वर्गातला एक धोका स्क्रीनवर दिसतच नाही, म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो. एका संस्थेत मी सगळे फॉर्म नीट करून नवी एक्झी दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला की पासबुकातल्या रकमा शेजारच्या रकान्यात छापल्या जात आहेत. छपाईच्या कोडला मी हातही लावलेला नव्हता. पण तो कोड, माझाच जुना, स्तंभांची रुंदी स्क्रीनवरच्या ग्रिडमधून घेत होता आणि ती 96 ने भागून प्रिंटरच्या इंचामागच्या 180 टिंबांनी गुणत होता. स्तंभ 160 पिक्सेलचा असताना त्याची 300 टिंबे होत. ग्रिड 150 टक्क्यांवर जाऊन तोच स्तंभ 240 पिक्सेलचा झाला आणि टिंबे झाली 450. पासबुकाचा कागद काही वाढला नव्हता. छपाईची मापे मिलिमीटरमध्ये वेगळी लिहून ठेवावीत आणि स्क्रीनशी त्यांचा संबंध कायमचा तोडावा, हे त्या दिवशी मी शिकलो. तुमच्या कोडमध्ये 3.78 हा आकडा शोधून पाहा. 96 ला 25.4 ने भागले की तो येतो, आणि तो जिथे सापडेल तिथे हीच गडबड दडलेली असेल.

वापरणाऱ्याने लावून ठेवलेल्या स्तंभांच्या रुंदी आणि खिडक्यांच्या जागा तुम्ही आयएनआय फाइलमध्ये किंवा रजिस्ट्रीत जपत असाल, तर तिथेही 96 च्या मापात रूपांतर करूनच लिहावे. नाही तर डेस्कटॉपवर जपलेली रुंदी लॅपटॉपवर अरुंद दिसेल आणि दोष कोणाचा हे शोधण्यात दिवस जाईल.

देवनागरीमुळे आपल्याला एक जास्तीचे काम लागते, ज्याचा उल्लेख परदेशी लेखांत सहसा सापडत नाही. टाहोमा फाँटमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत. फॉर्मवर टाहोमा असला तरी मराठी मजकूर विंडोज मंगल किंवा निर्मला यूआय यांपैकी एखाद्या फाँटमधून आणते, आणि त्या अक्षरांना वर रफार-अनुस्वारासाठी व खाली उकारासाठी लॅटिनपेक्षा जास्त उंची लागते. 100 टक्क्यांवर 13 पिक्सेलच्या लेबलमध्ये हे कसेबसे निभावते. 125 टक्क्यांवर लेबलची उंची एका नियमाने वाढते, फाँटची दुसऱ्या नियमाने पूर्णांकावर येते, आणि जो अर्धा पिक्सेल पुरत होता तोच नेमका जातो. एका शाखेत ‘मुदत ठेव’ या लेबलचा उकार कापला जाऊन तिथे बरेच दिवस ‘मदत ठेव’ दिसत होते. खातेदारांनी ते पाहिले नाही, हे नशीब. लेबलना ऑटोसाइझ (मजकुराप्रमाणे माप आपोआप ठरण्याचा गुणधर्म) द्यावा, जिथे तो देता येत नाही तिथे 13 ऐवजी निदान 20 पिक्सेल उंची 96 च्याच मापात ठेवावी, आणि तपासणीसाठी ‘मुद्दल’ आणि ‘वर्षांची’ असे शब्द वापरावेत, म्हणजे खालची आणि वरची दोन्ही टोके एकदम दिसतात. इंग्रजी मजकूर लावून तपासलेला फॉर्म मराठीत चालेलच असे धरू नका.

चित्रांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. इमेजलिस्टमधली 16 बाय 16 ची चित्रे आपोआप मोठी होत नाहीत आणि ओढून मोठी केली तर ओंगळ दिसतात. डेल्फाय 2010 मध्ये राहायचे असेल तर 16, 24 आणि 32 अशा तीन इमेजलिस्ट ठेवून प्रोग्रॅम सुरू होताना योग्य ती जोडावी. 2018 साली आलेल्या 10.3 रिओ आवृत्तीपासून इमेजकलेक्शन आणि व्हर्च्युअलइमेजलिस्ट हे दोन कंपोनंट नेमके यासाठीच आहेत; एकाच ठिकाणी वेगवेगळ्या मापांची चित्रे ठेवली की लागेल त्या मापाचे ते काढून देतात. खरा वेळ चित्रे शोधण्यात आणि काढून घेण्यात जातो, जोडण्यात नाही.

यानंतर जागेचा प्रश्न येतो, आणि तो कुठल्याही मॅनिफेस्टने सुटत नाही. फुल एचडी स्क्रीनवर 150 टक्के स्केलिंग लावले की तुमच्या फॉर्मला 96 च्या मापात केवळ 1280 बाय 720 एवढीच जागा उरते. त्यातून विंडोज 11 चा टास्कबार 48 घेतो, उरले 672, आणि खिडकीची शीर्षकपट्टी अजून वजा व्हायची आहे. 1024 बाय 768 च्या काळात आखलेला फॉर्म यात बसत नाही, आणि बटणे सहसा तळाशी असल्यामुळे नेमके ‘सेव्ह’च टास्कबारखाली जाते. ऑपरेटर मग स्केलिंग 100 वर आणतात आणि डोळे बारीक करून काम करतात. अशा फॉर्मची उंची कमी करावी लागेल. ते शक्य नसेल तर मधला भाग स्क्रोलबॉक्समध्ये टाकून बटणांची पट्टी खाली अलाइन करून ठेवावी. मी 640 पेक्षा उंच फॉर्म आता आखतच नाही.

तुमच्या प्रश्नात नसलेली, पण पहिल्याच आठवड्यात उभी राहणारी एक अडचण आधीच सांगून ठेवतो. दोघे जण मिळून काम करत असाल आणि एकाची स्क्रीन 100 टक्क्यांवर, दुसऱ्याची 150 वर असेल, तर आयडीई, म्हणजे कोड लिहिण्याचा आणि फॉर्म आखण्याचा प्रोग्रॅम, आपल्या स्क्रीनप्रमाणे फॉर्म मोठा करून उघडू शकते आणि सेव्ह करताना तीच मोठी मापे डीएफएममध्ये लिहू शकते. मग एका लेबलचा मजकूर बदलला तरी गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) चारशे ओळी बदललेल्या दिसतात, आणि दुसऱ्याने उघडून सेव्ह केले की पुन्हा चारशे, शिवाय प्रत्येक फेरीत पूर्णांकाची घसरण होते ती वेगळीच. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये विनफॉर्म्सवर काम करणाऱ्यांना हाच त्रास आहे. म्हणूनच मोठ्या स्केलिंगच्या स्क्रीनवर डिझायनर उघडला की ती आयडीई पिवळ्या पट्टीत 100 टक्क्यांवर पुन्हा सुरू करण्याचा पर्याय देते. डेल्फायमध्ये 2021 च्या 11 अलेक्झांड्रिया आवृत्तीपासून आयडीई स्वतः मोठ्या स्क्रीनवर नीट चालते आणि फॉर्म डिझायनर कुठल्या पीपीआयवर ठेवायचा हे निवडता येते. तिथे डोळे मिटून 96 निवडा. फॉर्म आखताना थोडा लहान दिसेल, ते सोसावे. 2010 वरच राहणार असाल, तर फॉर्म आखण्यासाठी 100 टक्क्यांचा एक साधा मॉनिटर ठेवणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आता नव्या आवृत्तीचा प्रश्न. शाखेत एकच संगणक आणि एकच स्क्रीन असेल तर सिस्टिम अवेअर एवढे हमीपत्र पुरते. त्यात लॉगिनच्या वेळी मुख्य मॉनिटरचे जे स्केलिंग असेल त्यानुसार मापे एकदाच ठरतात आणि ती डेल्फाय 2010 मध्येही सांभाळता येतात. लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडून खिडकी इकडून तिकडे ओढणारे ग्राहक असतील, तर खिडकी दुसरीकडे गेल्यावर ती ताणली जाऊन पुन्हा पुसट होईल. ते टाळायचे असेल तर पर-मॉनिटर अवेअरनेस लागतो. तो विंडोज 8.1 मध्ये आला, पण शीर्षकपट्टी, मेनू आणि विंडोजचे स्वतःचे डायलॉग आपोआप सांभाळणारी त्याची दुसरी आवृत्ती विंडोज 10 च्या 1703 मध्ये आली. हे हमीपत्र दिले की चालू प्रोग्रॅममध्ये कुठल्याही क्षणी स्केलिंग बदलल्याचा संदेश येतो, सोबत खिडकीचा सुचवलेला नवा आयतही येतो, आणि त्या क्षणी सगळे पुन्हा मोजावे लागते. 2010 मध्ये हे हाताने करणे शहाणपणाचे नाही, त्यासाठी 10.3 किंवा त्यापुढची आवृत्ती घ्यावी आणि तीही तुमची विकत घेतलेली ग्रिड आणि रिपोर्टची कंपोनंट त्या आवृत्तीसाठी मिळतात याची खात्री झाल्यावरच. माझ्या अनुभवात स्थलांतर अडते ते इथेच.

दुसऱ्या साधनात नव्याने लिहिण्याबद्दल एवढेच सांगतो. डब्ल्यूपीएफमध्ये मापे मुळातच इंचाच्या 96 व्या भागात असतात, क्यूटी 6 मध्ये स्केलिंग कायमचे चालू असते, जावाला विंडोजवर ही सोय 2017 च्या 9 आवृत्तीत मिळाली आणि लझारसमध्ये ती 1.8 पासून आहे, तेव्हा डेल्फाय सोडू इच्छिणाऱ्याला पर्याय पुष्कळ आहेत. दोनशे फॉर्म केवळ पुसट अक्षरांसाठी नव्याने लिहायला मात्र मी कोणाला सांगणार नाही. वर सांगितलेली शोधाशोध एका माणसाने दिवसाला आठ-दहा फॉर्म या वेगाने केली तर महिनाभरात आटोपते.

तपासणीसाठी महागडी 4के स्क्रीन घेण्याची गरज नाही. आहे त्याच मॉनिटरवर स्केलिंग 125, 150 आणि 175 करून पाहावे, आणि सिस्टिम अवेअर प्रोग्रॅमसाठी दर वेळी साइन आउट करून पुन्हा लॉगिन करावे. हे विसरले की सगळे ठीक दिसते आणि आपण फसतो. 175 गाळू नका, कारण 168 ला 96 ने भागल्यावर येणाऱ्या 1.75 मुळे पूर्णांकाच्या चुका तिथेही दिसतात. प्रोग्रॅमने खरोखर कुठले हमीपत्र दिले आहे ते टास्क मॅनेजरच्या डिटेल्स पानावर डीपीआय अवेअरनेस हा स्तंभ चालू केला की दिसते. पहिल्या दिवशी तुमच्या एक्झीपुढे तिथे ‘अनअवेअर’ असेल, आणि शोधाशोध संपेपर्यंत ते तसेच राहू द्यावे.